एक पाय आणि एक चिठ्ठी : वाळवंटी भुंगेऱ्यांच्या जनुकीय वर्गीकरणाकडे वळणाऱ्यांसाठी

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली दोन-चार मुले-मुली माझ्याकडे येतात. बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "मॅडम, मला डीएनएवर काम करायचे आहे." कोणत्या प्राण्याच्या डीएनएवर, असे विचारले की ती घुटमळतात. गेल्या वर्षी एका मुलीने सरळ सांगितले, "प्राणी कोणताही चालेल." तिचे उत्तर प्रामाणिक होते, आणि तिच्या वयाची असताना मीही तेच दिले असते, म्हणून त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले. वाळवंटातल्या भुंगेऱ्यांच्या प्रजाती जनुकांच्या आधारे वेगळ्या ओळखणे हे माझे काम आहे आणि या कामात प्राणी कोणताही चालत नाही. जनुकाचा क्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांची मांडणी, हा पुरावा असतो. पण तो क्रम ज्या किड्याच्या पायातून निघाला तो किडा टाचणीवर जपलेला नसेल आणि तो कुठे, कधी सापडला याची चिठ्ठी त्याच्याखाली नसेल, तर तो पुरावा नेमका कशाचा, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही.

शब्दांबद्दल आधीच एक खुलासा करते. जुन्या मराठी कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हटलेले आढळते, तर आजची वर्तमानपत्रे स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. मी इथे स्पीशीजसाठी प्रजाती आणि जीनससाठी वंश असे शब्द वापरते आहे. नव्याने वाचायला लागलेल्यांचा या एका शब्दापायी फार गोंधळ होतो, तेव्हा कोणतेही मराठी पुस्तक हाती घेतले की लेखकाने कोणता शब्द कशासाठी वापरला आहे ते आधी पाहून घ्यावे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला. मृग लागला की महिनोन्महिने छपरावरून पाणी थांबत नाही, आणि अशा गावातली मुलगी वाळवंटातल्या किड्यांच्या मागे लागली याचे घरच्यांना अजून नवल वाटते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, कॉलेजात सगळी पुस्तके इंग्रजी, आणि बसमध्ये, बँकेत, सरकारी कार्यालयात कन्नड. पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या तासाला मी काहीच न समजता नुसती उतरून घेत असे. मग एक वही केली. डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि उजव्या पानावर तिचा अर्थ माझ्या शब्दांत, शिवाय शेजारी चित्र. अँटेना म्हणजे शृंगिका हे पाठ करून काही उपयोग नव्हता. ती अकरा मण्यांची माळ चित्रात काढून प्रत्येक मण्याचा आकार टिपल्यावरच ती डोक्यात बसली. सीमाभागातल्या मुलांना तीन भाषांचे ओझे वाटते, पण या विषयात निरीक्षण स्वतःच्या भाषेत नोंदवण्याची सवय हीच मोठी मिळकत आहे, असे माझे मत आहे.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी ज्या सरांकडे मी प्रकल्प मागायला गेले, त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवली नाही. "घरी जोंधळ्याच्या पिठात तांबडा किडा होतो ना, तो काडेपेटीत घालून आणा," एवढेच सांगितले. तो ट्रिबोलियम कॅस्टेनियम, पिठातला तांबडा भुंगेरा, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला पायांच्या टोकांचे बारीक सांधे मोजायला लावले. पुढच्या पायाला पाच, मधल्या पायाला पाच, मागच्या पायाला चार. पुन्हा मोजा म्हणाले. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा मान दुखायला लागली होती, पण आकडा तोच आला. मग त्यांनी एक काळा, बोटाच्या पेराएवढा, दगडासारखा टणक भुंगेरा ठेवला, राजस्थानातल्या वाळूतून आणलेला. पाच, पाच, चार. दोघांचे कुळ एकच, टेनेब्रिओनिडी. जगात या कुळाच्या २० हजारांहून जास्त प्रजातींची नोंद आहे आणि वाळवंटांत तर हेच भुंगेरे सगळ्यांत ठळकपणे डोळ्यांत भरतात. भुंगेऱ्यांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला तोही याच कुळातला, आपल्या पिठाच्या डब्यातला हा तांबडा किडा; ते काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना या विषयात यायचे आहे त्यांना मीही पहिल्या दिवशी हेच करायला लावते.

वाळवंटातल्या भुंगेऱ्यांनाच जनुकांची एवढी गरज का पडते, हे समजण्यासाठी त्यांची पाठ पाहावी लागते. बहुतेक भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कठीण झाकणासारखे असतात आणि त्याखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात. वाळवंटी टेनेब्रिओनिडींपैकी कितीतरी प्रजातींत ही दोन झाकणे मधोमध एकमेकांना जुळून पक्की झालेली असतात, खालचे पंख झिजून गेलेले असतात, आणि झाकणाखाली हवेची एक बंद पोकळी तयार झालेली असते. श्वासाची छिद्रे या पोकळीत उघडत असल्यामुळे श्वासाबरोबर जाणारे पाणी वाचते. नैऋत्य आफ्रिकेच्या नामिब वाळवंटातला ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस तर धुक्याच्या रात्री वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, आणि पाठीवर साचलेले धुक्याचे थेंब ओघळत त्याच्या तोंडाशी येतात. हॅमिल्टन आणि सीली यांनी १९७६ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वाळवंटातले गोबाबेब येथील संशोधन केंद्र १९६२ मध्ये सुरू झाले, आणि ते उभारणारे चार्ल्स कॉख हे याच कुळाचे अभ्यासक होते.

पाणी वाचवण्याची किंमत म्हणून या किड्यांनी उडणे गमावले. जो प्राणी आयुष्यभर फक्त चालतो त्याला एखादे कोरडे नदीपात्र, खडकाळ पट्टा किंवा खारट मैदानसुद्धा ओलांडता येत नाही. दोन्ही बाजूंच्या किड्यांची सोयरीक तुटते आणि पिढ्यांमागून पिढ्या त्यांच्या जनुकांत वेगवेगळे बदल साचत जातात. बाहेरून मात्र दोघांनाही तोच उन्हाळा आणि तीच वाळू सोसायची असल्यामुळे ते सारखेच दिसत राहतात. उलटेही होते. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला क्रिप्टोग्लोसा व्हेरुकोसा कोरड्या हवेत अंगावर मेणाचे बारीक तंतू सोडून निळसर पांढरा दिसतो आणि दमट हवेत काळा. नील हॅडली यांनी १९७९ मध्ये ते दाखवून दिले. म्हणजे एकच प्रजाती हवेप्रमाणे दोन रंगांत, आणि दोन प्रजाती एकाच रूपात. नुसत्या डोळ्यांनी निवाडा करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी ठेच लागते.

पीएचडीसाठी मी थरमध्ये, जैसलमेर आणि जोधपूरच्या परिसरात किडे गोळा केले. पण त्याआधी सरांनी मला दोन हंगाम आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात काढायला लावले. अथणी, रामदुर्ग, सौंदत्ती हा पट्टा वाळवंट नव्हे, तिथे ज्वारी-हरभरा पिकतो आणि कृष्णा-घटप्रभेच्या काठाला ऊसही उभा असतो. पण घाटातला पाऊस तिथपर्यंत पोचेतो ओसरलेला असतो, आणि मुरमाड माळावर दगड उलटले की याच कुळातले गोनोसेफॅलमसारखे मातकट भुंगेरे हमखास सापडतात. चुका करायच्या त्या घराजवळ करून घ्याव्यात, हे सरांचे म्हणणे मला आता पटते.

माळावरचे काम सोपे दिसते आणि तसे ते नसते. प्लॅस्टिकचा पेला जमिनीत असा पुरायचा की त्याची कड मातीशी अगदी समपातळीत यावी. कड केसभर वर राहिली तरी भुंगेरा वळसा घालून निघून जातो. मुरमात खड्डा काढताना बाजूची माती ढासळते आणि नेमकी तीच चूक होते. पहिल्या रात्री मी अथणीच्या बाजूच्या एका माळावर वीस पेले पुरले आणि पहाटे पाहिले तर सतरा पेल्यांत मुंग्यांशिवाय काही नव्हते. अठराव्या पेल्याजवळ पोचायच्या आधीच आत काहीतरी खरवडत असल्याचा आवाज आला. भुंगेरा गुळगुळीत भिंतीवर नखे टेकवून चढू पाहत होता, अर्ध्यावर येऊन घसरत होता आणि पुन्हा चढत होता. मेंढरे घेऊन चाललेले एक धनगर अण्णा थांबले. कन्नड आणि मराठीची सरमिसळ करत त्यांनी विचारले, "हा हुळ (किडा) धरून काय करणार, अक्का?" मी सांगितले तसे ते म्हणाले, असे पुष्कळ हवे असतील तर उघड्यावर कशाला शोधता, बांधावरच्या जुन्या शेणाखाली आणि कुसळाच्या गंजीच्या बुडाशी बघा. त्या दिवशी दुपारपर्यंत मला हवे तेवढे किडे मिळाले. ज्या माळावर जाल तिथे रोज वावरणाऱ्या माणसाशी आधी बोला, एवढी सूचना मी त्या अनुभवावरून करते.

आता माझ्या हातून झालेले सर्वांत मोठे नुकसान सांगते. थरमधल्या पहिल्या फेरीत मी प्रत्येक किडा अल्कोहोलच्या छोट्या नळीत घातला आणि आत चिठ्ठी टाकली, पण चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. परतीच्या प्रवासात अल्कोहोलने शाई धुऊन नेली. पेटी उघडली तेव्हा अकरा नळ्यांतल्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या आणि अल्कोहोलला फिकट निळी झाक आली होती. त्या अकरा किड्यांचे जनुकक्रम पुढे उत्तम मिळाले, पण ते कोणत्या टेकडीवरचे हे मला सांगता येईना, आणि शेवटी ते सगळे प्रबंधातून वगळावे लागले. तेव्हापासून मी फक्त पेन्सिलीने, जाड आणि चिवट कागदावर लिहिते आणि चिठ्ठी नळीच्या आत ठेवते, कारण बाहेर चिकटवलेली चिठ्ठी सुटून पडते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि किडा कसा मिळाला, म्हणजे दगडाखाली की पुरलेल्या पेल्यात, एवढे असायलाच हवे. वहीत तीच नोंद दुसऱ्यांदा करावी आणि दोन्हींना एकच क्रमांक द्यावा.

अल्कोहोलचेही काही नियम आहेत. ते किमान ९५ टक्के हवे, आणि भुंगेऱ्याच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी बदलायला हवे. कवच इतके टणक असते की अल्कोहोल आत शिरायला वेळ लागतो, म्हणून पोटाच्या बाजूला एक बारीक छेद द्यावा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या किड्याचा डीएनए बहुधा वाया जातो, तेव्हा कॉलेजच्या संग्रहातल्या जुन्या बरण्यांवर फार आशा ठेवू नये. शुद्ध अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येते. ते संस्थेमार्फतच घ्यावे लागते, स्वतःच्या खोलीत साठवून ठेवण्याची वस्तू ती नव्हे.

प्रयोगशाळेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, किड्याचा कोणता भाग घ्यायचा. आम्ही उजवा मागचा पाय घेतो, आणि नेहमी तोच, म्हणजे पुढे कधी कोणी तो किडा पाहिला तर पाय का नाही हे त्याला लगेच कळते. पायात स्नायू असतात आणि पोटासारखे दुसऱ्या कशाचे अन्न नसते, त्यामुळे भुंगेऱ्याऐवजी त्याने खाल्लेल्या वस्तूचा डीएनए हाती येण्याची भीती कमी. जाळावर तापवून थंड केलेल्या चिमट्याने पाय मांडीच्या सांध्यातून सोडवायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि प्रथिने विरघळवणाऱ्या विकरात ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचा. सकाळी नळीत पायाचे रिकामे कवच तेवढे उरते, काचेसारखे अर्धपारदर्शक. तेही टाकायचे नाही. उरलेल्या किड्याच्या टाचणीवर बारीक कार्डाला चिकटवून ठेवायचे.

पुढचे तंत्र आता सर्वत्र शिकवले जाते, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआरने हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवायचा, जेलवर तो उमटला का ते पाहायचे आणि क्रम वाचायला पाठवायचा. हा तुकडा बहुधा माइटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या, सीओआय जनुकाचा, ६५८ अक्षरांचा असतो. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिलेले प्रायमर, म्हणजे हव्या त्या तुकड्याची टोके पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, त्यासाठी आजही चालतात, आणि २००३ मध्ये पॉल हिबर्ट यांनी याच तुकड्याला प्राण्यांचा 'बारकोड' म्हणून पुढे आणले. एक सूचना मात्र आवर्जून करते : प्रत्येक खेपेला एका नळीत डीएनएऐवजी नुसते पाणी घाला. त्या नळीतही पट्टा उमटला तर त्या दिवसाचे सगळे काम रद्द समजा, कितीही वाईट वाटले तरी.

नवशिक्यांची खरी परीक्षा क्रम हाती आल्यावर सुरू होते. माझ्या तिसऱ्या वर्षी एकाच वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी, एकाच रात्री मिळालेल्या किड्यांपैकी आठ जणांचे क्रम बाकीच्यांपेक्षा चांगलेच वेगळे आले. संगणकावर वंशवृक्ष काढला तर त्या आठांची एक लांब, स्वच्छ वेगळी फांदी दिसली. मला वाटले, दोन गुप्त प्रजाती एकत्र नांदताहेत. मी रात्रभर जागून एका परिसंवादासाठी गोषवारा लिहिला, पाठवला, आणि सकाळी वृक्षाचा कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "किडे कुठे आहेत?"

किडे कपाटात होते. दोन दिवस मी त्या आठांना आणि उरलेल्यांपैकी आठांना शेजारी शेजारी ठेवून पाहत बसले. छातीच्या कवचावरचे दाणे, शृंगिकेच्या मण्यांची लांबी, पायांवरचे केस, आणि मग नरांची जननांगे. पोटाचे टोक कोमट पाण्यात मऊ करून, सुईने उचलून जननांग बाहेर काढायचे आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बाजूने पाहायचे, हे काम हाताला बसायला वेळ लागतो. पण भुंगेऱ्यांत प्रजातींचे वेगळेपण फार वेळा तिथेच दिसते. मला कशातही फरक सापडला नाही. तेव्हा सरांनी दुसरा प्रश्न केला, की या क्रमांचे प्रथिनात भाषांतर करून पाहिले का. मी केले नव्हते. सीओआय हे प्रथिन घडवणारे जनुक आहे. त्याची अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली तर मध्येच 'थांबा' हा संकेत येता कामा नये. आठांपैकी पाच क्रमांत तो मध्यभागीच होता. उरलेल्या तिघांच्या, क्रम वाचणाऱ्या यंत्राने काढलेल्या मूळ आलेखात कित्येक ठिकाणी एका शिखराखाली दुसरे छोटे शिखर होते, ते मी घाईत पाहिलेच नव्हते.

झाले होते असे, की माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा एक तुकडा फार पूर्वी कधीतरी या किड्यांच्या पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसला होता. तिथे त्याला काही काम नसल्यामुळे त्यात बदल मनमानी साचत गेले. आमच्या प्रायमरांनी खऱ्या जनुकाऐवजी ही निरुपयोगी प्रत उचलली होती. भुंगेऱ्यांवर काम करणारे लोक सीओआयच्या शेवटाकडच्या अर्ध्या भागासाठी जे 'जेरी' आणि 'पॅट' नावाचे प्रायमर वापरतात, ते वापरून मी सगळे पुन्हा केले, आणि ते आठही जण बाकीच्यांत मिसळून गेले. नवी प्रजाती नव्हतीच. पाठवलेला गोषवारा मी मागे घेतला, कारण कळवले, आणि चार महिन्यांचे काम वहीत 'पुन्हा वापरू नये' असे लिहून मिटले. कोणताही क्रम हाती येताच आलेख डोळ्यांनी पाहणे आणि प्रथिनात भाषांतर करणे या दोन गोष्टी केल्याशिवाय वंशवृक्षाला हात लावायचा नाही, हा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी पहिला नियम आहे. भाषांतर करताना अपृष्ठवंशीय माइटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी निवडावी. नेहमीच्या सारणीत टीजीए हा 'थांबा' असतो, इथे तो ट्रिप्टोफॅनचा संकेत आहे. चुकीची सारणी निवडली तर चांगले क्रमही बिघडलेले दिसतात.

समजा क्रम निर्दोष आहेत. मग किती टक्के फरक म्हणजे दुसरी प्रजाती? हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि दोन-तीन टक्के हा आकडा प्रत्येकाने कुठेतरी वाचलेला असतो. तो ढोबळ अंदाज आहे, कायदा नव्हे, आणि न उडणाऱ्या भुंगेऱ्यांबाबत तर तो वारंवार फसवतो, कारण एकाच प्रजातीच्या दूरदूरच्या वस्त्यांतही त्याहून मोठा फरक साचलेला असू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातल्या खाऱ्या तळ्यांकाठच्या टायगर बीटल भुंगेऱ्यांवर पोन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी ठरावीक टक्केवारी न वापरता वंशवृक्षाच्या फांद्या फुटण्याचा वेग कुठे बदलतो ते शोधले; प्रजातींमधल्या फांद्या आणि प्रजातीच्या आतल्या डहाळ्या यांतली रेषा तिथे धरता येते. ही पद्धत आज जीएमवायसी म्हणून ओळखली जाते. काळाचा अंदाजही असाच बदलत आला आहे. कीटकांत सीओआयचा फरक दर दहा लाख वर्षांना सुमारे २.३ टक्के वाढतो असे पूर्वी धरत. पापाडोपुलू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एजियन समुद्रातल्या बेटांवरचे टेनेब्रिओनिड भुंगेरे घेतले, मधला समुद्री चर तयार होण्याच्या काळाशी त्यांची सांगड घातली आणि ३.५४ टक्के हा वेग मांडला. आपल्याच कुळातल्या किड्यांवरून हे गणित सुधारले गेले, याचा मला मनापासून आनंद होतो.

टक्केवारीपेक्षा मोठा धोका नमुन्यांतल्या मोकळ्या जागेचा असतो. माझ्याकडे एका प्रजातीचे किडे जोधपूरच्या बाजूचे आणि जैसलमेरच्या बाजूचे होते, आणि त्यांचे दोन सुबक गट पडत होते. सरांनी मला पोकरणच्या आसपास आणखी सहा ठिकाणी पाठवले. तिथले किडे नेमके दोन गटांच्या मधोमध बसले आणि दोन प्रजाती वाटणारी गोष्ट एका लांब साखळीची दोन टोके निघाली. म्हणून नकाशावर आपले ठिपके पाहून दोन ठिपक्यांच्या मध्ये काय आहे, हा प्रश्न स्वतःला विचारत राहावे.

शिवाय माइटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. वोल्बाकियासारखे जिवाणू कीटकांच्या समूहात पसरताना आईकडचा एकच माइटोकॉन्ड्रिया सगळीकडे पसरवून इतिहास पुसून टाकू शकतात. त्यामुळे केंद्रकातले एखादे तरी जनुक, किमान २८एस, सोबत घ्यावे. दोन्ही जनुके, किड्याची रचना आणि त्याचे ठिकाण हे सगळे एकाच बाजूने बोलू लागले तर मी प्रजाती म्हणते. एक जरी पुरावा वेगळे बोलला तर थांबते. आता अनेक प्रयोगशाळा शेकडो जनुके एकदम वाचतात आणि पुढे तोच मार्ग आहे, पण त्यालाही सुरुवात एका नीट नोंदलेल्या पायापासूनच करावी लागते.

जनुकांच्या सार्वजनिक कोठारात आपला क्रम टाकला की सर्वांत जवळचे नाव समोर येते आणि नवखे ते नाव थेट लिहून मोकळे होतात. ते नाव कोणी तरी, कधी तरी, स्वतःच्या ओळखीप्रमाणे दिलेले असते, आणि भारतातल्या वाळवंटी भुंगेऱ्यांचे क्रम तिथे इतके थोडे आहेत की 'सर्वांत जवळचा' म्हणजे पुष्कळदा दूरचा चुलतभाऊ. प्रजातीचे नाव ज्या एका किड्याला बांधलेले असते, त्याला नामप्ररूप म्हणतात. आपल्याकडच्या अनेक प्रजातींचे नामप्ररूप लंडन-पॅरिससारख्या संग्रहालयांत आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टाचलेले. त्यांच्या देखभाल करणाऱ्यांना नम्रपणे आणि मुद्देसूद पत्र लिहिले तर बहुतेक वेळा छायाचित्रे मिळतात. माझ्या दहा पत्रांपैकी आठांना उत्तरे आली. खरोखरच नवी प्रजाती निघाली तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे तिचे नमुने सरकारने ठरवलेल्या भांडारात जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि बंगळुरूतली एनबीएआयआर ही कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था ही अशी ठिकाणे आहेत. अभयारण्यात किडे धरण्यासाठी वन खात्याची लेखी परवानगी हवीच. कर्नाटकात अर्ज कन्नडमध्ये आणि राजस्थानात हिंदीत दिला तर काम लवकर होते, हा माझा अनुभव आहे. इथे बेळगावच्या मुलांनी मागे राहण्याचे कारण नाही.

नोकरीचे विचारणाऱ्या आई-वडिलांना मी खरे तेच सांगते. फक्त वर्गीकरणाच्या जागा थोड्या आहेत. प्राणी सर्वेक्षणाचे मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आणि वाळवंटाचे जोधपूरला. बंगळुरूत एनबीएआयआर आणि एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था. शिवाय विद्यापीठे, कृषी संशोधन आणि आयात मालातले कीटक ओळखणारे वनस्पती विलगीकरण विभाग. जनुकीय क्रमांचे विश्लेषण येणाऱ्याला आरोग्य आणि शेतीतही काम मिळते, तेव्हा संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा पदवीच्या काळातच शिकून घ्यावी. पाठ्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जीवशास्त्रातून द्यावी लागते, आणि गेटमध्ये इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा वेगळा पेपर आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती लेख छापून आले याआधी त्यांच्या संग्रहाचे कपाट पाहायला मागा. खणातल्या चिठ्ठ्या वाचता येत असतील, डांबराच्या गोळ्यांचा वास ताजा असेल आणि जुन्या विद्यार्थ्यांची नावे चिठ्ठ्यांवर तशीच असतील, तर तिथे चार-पाच वर्षे काढायला हरकत नाही.

"प्राणी कोणताही चालेल" म्हणणारी मुलगी सध्या माझ्याकडे काम करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रामदुर्गच्या मामांकडे गेली होती आणि परवा चाळीस नळ्या घेऊन आली. प्रत्येक नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती, अक्षर नीटनेटके होते, आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर फक्त 'मामांचा माळ' असे लिहिले होते. माळाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन यायला ती आज पहाटेच्या एसटीने पुन्हा रामदुर्गला गेली आहे, आणि तोपर्यंत त्या चाळीस नळ्यांतल्या एकाही किड्याचा पाय काढायचा नाही असे आमचे ठरले आहे.